मिशना व तोसेफ्ता : आरंभीच्या यहुदी विधिग्रंथांचे परस्परसंबंध आणि मराठी बेने इस्राएल समाज

सारांश

यहुदी धर्मपरंपरेत तोरेनंतर निर्माण झालेल्या विधिग्रंथांत मिशना, तोसेफ्ता, विधिपर मिद्राश आणि दोन तालमूद यांना मध्यवर्ती स्थान आहे. मिशना हा मूळ ग्रंथ आणि तोसेफ्ता ही त्याची पुरवणी, अशी समजूत दीर्घकाळ प्रचलित होती. आधुनिक संशोधनाने ती बरीच बदलली आहे. प्रस्तुत निबंधात या ग्रंथांचे परस्परसंबंध निवडक उदाहरणांच्या आधारे स्पष्ट केले आहेत. हा प्रश्न केवळ ग्रंथशास्त्राचा नसून एका मराठी भाषक समाजाच्या विवाहहक्काशी इ. स. १९६१ ते १९६४ या काळात त्याचा प्रत्यक्ष संबंध आला, हेही येथे दाखविले आहे.

बीजसंज्ञा : मिशना, तोसेफ्ता, बराइता, तालमूद, मौखिक परंपरा, बेने इस्राएल, रूढी.

१. प्रस्तावना

महाराष्ट्राच्या इतिहासलेखनात कोकणातील बेने इस्राएल समाजाचा उल्लेख बहुधा दोन गोष्टींपुरता येतो. एक, अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून वाचलेल्या सात जोडप्यांची परंपरागत कथा. आणि दुसरी, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना मिळालेले ‘शनवार तेली’ हे नाव. दिवेकर, राजपूरकर, केहीमकर अशी गावांवरून पडलेली त्यांची आडनावे आणि घरातील मराठी भाषा यांमुळे हा समाज येथील जीवनात पूर्णपणे मिसळला. पुणे जिल्ह्याशीही त्याचा संबंध जुना आहे. पुणे शहराच्या रास्ता पेठेत बेने इस्राएलांचे ‘सुक्कथ शेलोमो’ हे प्रार्थनामंदिर आहे. तेथून जवळच, ‘लाल देऊळ’ म्हणून सर्वांना ठाऊक असलेले ‘ओहेल डेव्हिड’ हे प्रार्थनामंदिर बगदादी यहुदी व्यापारी डेव्हिड ससून यांनी बांधविले; ते इ. स. १८६७ मध्ये पूर्ण झाले.

या समाजाच्या इतिहासातील एका गोष्टीकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. हा समाज तोरेतील अनेक आज्ञा पाळीत होता, परंतु तोरेवर उभारलेले रब्बींचे विधिग्रंथ त्याच्याजवळ नव्हते. सुंता, शब्बाथचा विसावा, खाण्यापिण्याचे काही निर्बंध आणि ‘शमा’ हे श्रद्धावचन एवढा ठेवा त्याने जपला. हेच ग्रंथ पुढे त्याच्या अस्सलपणाची कसोटी म्हणून त्याच्यासमोर ठेवले गेले. म्हणून हे ग्रंथ कसे घडले, त्यांपैकी कोणता कोणावर आधारलेला आहे आणि त्यांच्यात मतभेदाला किती जागा आहे, हे पाहणे मराठी अभ्यासकालाही अगत्याचे ठरते.

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) आरंभीच्या रब्बिनी विधिग्रंथांचा कालक्रम व स्वरूप थोडक्यात मांडणे.
२) मिशना व तोसेफ्ता यांच्या संबंधाविषयीच्या प्रमुख मतांचा परामर्श घेणे.
३) महाराष्ट्रातील ग्रंथपरंपरा व न्यायपरंपरा यांच्याशी तुलना करून हा संबंध सुबोध करणे.
४) बेने इस्राएल समाजाच्या अनुभवाच्या प्रकाशात या संबंधाचे महत्त्व तपासणे.

२. ग्रंथांचा कालक्रम व स्वरूप

इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले. यज्ञ आणि पुरोहित यांच्याभोवती उभे असलेले धर्मजीवन त्यामुळे निराधार झाले. याव्ने येथे योहानान बेन झक्काय आणि त्यांच्यानंतरच्या आचार्यांनी अध्ययन हेच धर्मजीवनाचे केंद्र केले. इ. स. १३२ ते १३५ या काळातील बार कोख्बाचे बंड मोडले गेल्यावर हे केंद्र उत्तरेस गालीलात सरकले. तेथे इ. स. २०० च्या सुमारास रब्बी यहुदा हनासी यांनी मिशनेचे संकलन केले.

‘मिशना’ हा शब्द पुन्हा पुन्हा म्हणणे, आवर्तन करणे या अर्थाच्या हिब्रू धातूपासून आला आहे. तिच्यातील आचार्यांना ‘तन्नाईम’ म्हणजे आवर्तन करणारे म्हणतात. मिशनेचे सहा विभाग आहेत : शेती व तिच्यातील देणी, सण, स्त्रिया व विवाह, दिवाणी व फौजदारी व्यवहार, यज्ञीय वस्तू आणि शुद्धाशुद्ध. आज या विभागांत मिळून ६३ प्रकरणग्रंथ मोजले जातात. मिशनेची भाषा आटोपशीर आहे. ती नियम सांगते, मतभेद नोंदविते, परंतु बहुधा कारण देत नाही आणि तोरेतील आधारवचनही क्वचितच उद्धृत करते.

‘तोसेफ्ता’ म्हणजे भर किंवा पुरवणी. तिची रचना मिशनेच्याच विभागांनुसार आहे. आव्होत, तामीद, मिद्दोत व किन्नीम या चार प्रकरणांना मात्र तोसेफ्ता नाही. आकाराने ती मिशनेहून कितीतरी मोठी आहे. तिच्यातील काही वाक्ये मिशनेशी शब्दशः जुळतात. काही वाक्ये मिशनेशेजारी ठेवल्याखेरीज समजतच नाहीत. काही मिशनेच्या विरोधात जातात. आणि काहींचा मिशनेत मागमूसही नाही. दोहोंच्या संबंधाचा पेच येथूनच सुरू होतो.

तिसरा वर्ग विधिपर मिद्राशांचा आहे. निर्गमावरील मेखिल्ता, लेवीयावरील सिफ्रा आणि गणना व अनुवाद या पुस्तकांवरील सिफ्रे हे त्यांतील प्रमुख ग्रंथ होत. मिशनेत विषयानुसार नियम येतात, तर मिद्राशात तोरेच्या वचनांच्या क्रमाने नियम काढले जातात. या ग्रंथांत रब्बी अकीवा व रब्बी इश्माएल यांच्या दोन वेगळ्या व्याख्यानपद्धती ओळखता येतात, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डेव्हिड हॉफमन यांनी दाखविले.

यानंतर मिशनेवरील चर्चांचे दोन महासंग्रह झाले. गालीलातील तथाकथित यरुशलेमी तालमूद सामान्यतः चौथ्या शतकाच्या अखेरीचा वा पाचव्या शतकाच्या आरंभीचा मानला जातो. बाबिलोनी तालमूद त्यानंतर दीडदोन शतकांनी स्थिरावला. मिशनेबाहेर राहिलेल्या तन्नाईमांच्या वचनाला तालमूदात ‘बराइता’ म्हणजे बाहेरचे वचन म्हणतात. अनेक बराइता तोसेफ्तेतील वचनांशी मिळत्याजुळत्या आहेत, पण शब्दशः तशाच क्वचित आहेत.

३. परस्परसंबंधाविषयीची मते

हा प्रश्न आधुनिक विद्यापीठांत प्रथम निर्माण झाला, असे नाही. आजच्या ट्युनिशियातील कैरवान येथील यहुद्यांनी बाबिलोनियातील पुंबेदिथा विद्यापीठाचे प्रमुख शेरीरा गाओन यांना नेमके हेच विचारले होते. मिशना कशी रचली गेली, तोसेफ्ता कोणी व का रचली आणि तिच्यातील मजकूर रब्बी यहुदांनी आपल्या ग्रंथात का घेतला नाही, अशी त्यांची पृच्छा होती. इ. स. ९८७ च्या सुमाराचे शेरीरांचे उत्तर रब्बिनी इतिहासाचे महत्त्वाचे साधन मानले जाते. त्यांच्या मते रब्बी यहुदांनी तत्त्वभूत मजकूर संक्षेपाने घेतला, आणि तपशील व शाखाभेद त्यांचे शिष्य रब्बी हिय्या यांनी तोसेफ्तेत एकत्र केले. म्हणजेच मिशना आधीची व प्रमाण, तोसेफ्ता नंतरची व साहाय्यक.

हे मत सुमारे नऊशे वर्षे मान्य राहिले. तोसेफ्तेची एर्फुर्ट व व्हिएन्ना येथील हस्तलिखिते वापरून त्सुकरमांडेल यांनी इ. स. १८८० मध्ये तिची आवृत्ती काढली, तेव्हा वादाला नवे वळण लागले. तोसेफ्ता हीच पॅलेस्टाइनमधील मूळ मिशना असावी, असे धाडसी मत त्यांनी मांडले. ते टिकले नाही, पण प्रश्न टिकला. विसाव्या शतकात सॉल लीबरमन यांनी १९५५ पासून ‘तोसेफ्ता किफ्शुता’ या बहुखंडी भाष्यातून पाठभेदांची भक्कम पायाभरणी केली. जेकब न्यूसनर यांनी तोसेफ्तेला मिशनेचे पहिले भाष्य मानले. उलट शामा फ्रीडमन यांनी २००२ मधील आपल्या ग्रंथात पेसाहीम प्रकरणातील समांतर वचने तपासून, अनेक ठिकाणी तोसेफ्तेतील रूप अधिक जुने असून मिशनेने त्यावर संस्कार केले आहेत, असे प्रतिपादन केले. ज्युडिथ हाउप्टमन यांनी २००५ मध्ये याच दिशेने पुढे जाऊन, तोसेफ्ता एका पूर्वकालीन मिशनेवर बोलते आणि आजची मिशना त्यानंतरची आहे, असे सुचविले. अल्बर्डिना हाउटमन यांनी १९९६ मध्ये बेराखोत व शेविईत ही दोन प्रकरणे समोरासमोर ठेवून पाहिली. एकच सूत्र सर्व प्रकरणांना लागू पडत नाही, याची जाणीव अशा तुलनांनी दृढ केली.

तालमूदाशी असलेल्या संबंधाबाबतही हेच घडले. बाबिलोनी आचार्यांसमोर आजची तोसेफ्ता ग्रंथरूपाने होती काय, या प्रश्नाचा याकोव एलमन यांनी १९९४ मध्ये परामर्श घेतला. तालमूदातील बराइता एकेका वचनाच्या वा छोट्या समूहाच्या रूपाने फिरत असाव्यात, सबंध ग्रंथ म्हणून नव्हे, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे.

४. एका नियमाची चार रूपे : ‘शमा’ची वेळ

मतांच्या या गर्दीत प्रत्यक्ष मजकुराकडे वळणे श्रेयस्कर ठरते. त्यासाठी बेराखोत प्रकरणाचा आरंभ घेता येईल. येथील विषय ‘शमा’ आहे, आणि परंपरेनुसार दाविद राहाबी हे कोकणात आले तेव्हा बेने इस्राएलांना जे एक श्रद्धावचन येत होते, ते हेच होय.

संध्याकाळी शमा केव्हापासून म्हणावा, हा मिशनेचा पहिलाच प्रश्न आहे. याजक आपला पवित्र हिस्सा खाण्यासाठी घरात जातात तेव्हापासून, हे तिचे उत्तर. शेवटची वेळ कोणती, याविषयी मात्र ती तीन मते देते : रब्बी एलिएझेर पहिल्या प्रहराची अखेर सांगतात, अन्य आचार्य मध्यरात्र सांगतात आणि रब्बान गमलिएल पहाट सांगतात. मंदिर पडून सव्वाशे वर्षे झाल्यावरही मिशना वेळ मोजते ती याजकांच्या भोजनावरून, हे लक्षणीय आहे.

तोसेफ्ता तोच प्रश्न विचारते. परंतु आरंभाच्या वेळेविषयीच तेथे मतभेद आहे. शब्बाथच्या संध्याकाळी लोक जेवायला घरात जातात ती वेळ, असे रब्बी मेईर म्हणतात. याजकांना आपला हिस्सा खाण्याची मुभा मिळते ती वेळ, असे अन्य आचार्य म्हणतात; आणि ताऱ्यांचे दर्शन ही त्याची खूण ठरते. मिशनेत जे निर्विवाद वाटले, ते तोसेफ्तेत दोन मतांपैकी एक आहे. येथे तोसेफ्तेला मिशनेचे स्पष्टीकरण म्हणता येते, आणि मिशनेने वाद गाळून एकच मत राखले असेही म्हणता येते. दोन्ही वाचने तितकीच शक्य आहेत.

सिफ्रे या मिद्राशात प्रश्नाची दिशाच निराळी आहे. तोरेत निजताना व उठताना असे शब्द आहेत; मग दुपारी निजणाऱ्याचे काय, असा प्रश्न तो ग्रंथ करतो आणि लोकांची सर्वसाधारण रीत हेच प्रमाण, असे उत्तर देतो. बाबिलोनी तालमूद हे सर्व धागे एकत्र आणतो. मिशनेच्या आचार्याने तोरेतील वचन गृहीत धरले आहे, असे तो प्रथम दाखवितो. मग वेळेविषयीच्या आणखी बराइता मांडतो आणि एका बराइतेतील रब्बी मेईर दुसरीतील रब्बी मेईरांशी जुळत नाहीत, हे त्याच्या ध्यानात येते. त्यांचे मत दोन आवर्तनकारांनी दोन रीतींनी पोचविले, असे समाधान तो करतो. परंपरा मुखोद्गत असल्याने एका आचार्याची दोन रूपे होऊ शकतात, ही कबुली खुद्द तालमूदातच आहे.

५. मराठी ग्रंथपरंपरेतून पाहता

हा संबंध मराठी वाचकाला अपरिचित नाही. महानुभाव पंथात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा संकलित केल्या आणि केसोबासांनी चक्रधरांची वचने वेगळी काढून सूत्रपाठ सिद्ध केला. सूत्रपाठ आटोपशीर आहे. वचन कोणत्या प्रसंगी निघाले, हे तेथे कळत नाही. तो प्रसंग सांगण्यासाठी ‘प्रकरणवश’ लागते. लीळाचरित्राची मूळ पोथी नष्ट झाल्यावर शिष्यांच्या स्मरणातून ती पुन्हा उभी करावी लागली आणि पाठभेद निर्माण झाले. सूत्र आधी की प्रसंग आधी, या प्रश्नाचे उत्तर येथे दोन पातळ्यांवर द्यावे लागते : वचन प्रसंगातून निघाले, पण ग्रंथ म्हणून सूत्रपाठ व प्रसंगसंग्रह एकमेकांच्या शेजारी वाढले. मिशना आणि तोसेफ्ता यांच्या बाबतीत असाच दुहेरी विचार आवश्यक ठरतो.

बारामतीत आयुष्याची बरीच वर्षे घालविणाऱ्या मोरोपंतांची (१७२९–१७९४) आर्याही श्रोत्याला मूळ कथा ठाऊक आहे, हे गृहीत धरूनच संक्षेप साधते. ज्या समाजात श्रवण हेच अध्ययनाचे मुख्य साधन असते, तेथे संक्षेप म्हणजे अपुरेपणा ठरत नाही. उरलेला भाग श्रोत्याजवळ असतोच.

मतभेद जपण्याच्या रीतीसाठी न्यायव्यवहारातील तुलना अधिक समर्पक आहे. शहाजीराजांच्या जहागिरीत मोडणाऱ्या सुपे व इंदापूर या परगण्यांत, दख्खनच्या अन्य भागांप्रमाणेच, वतनाच्या तंट्यांचा निवाडा गोतसभा करीत असे. सभेपुढे वादी व प्रतिवादी आपापली तकरीर लिहून देत. महजरात हजर असलेल्यांची नावे, साक्षी व निर्णय येई. हरलेल्या पक्षाचे म्हणणेही त्यामुळे कागदावर टिकून राही आणि पुढील पिढीत तंटा पुन्हा उभा राहिल्यास तेच कागद बाहेर निघत. मिशनेच्या एदुयोत प्रकरणात, अल्पमत ग्राह्य नसताना ते का नोंदवावे, असा प्रश्न आला आहे. पुढील एखाद्या न्यायसभेला ते मत योग्य वाटल्यास तिला आधार मिळावा, असे त्याचे एक उत्तर तेथे दिले आहे. तोसेफ्तेने याच दृष्टीने अनेक अल्पमते सांभाळली आहेत. अर्थात ही तुलना एका मर्यादेपर्यंतच चालते. महजर एका तंट्याचा असतो. मिशनेने मात्र सबंध समाजाच्या आचाराची चौकट घालून दिली.

६. वल्हांडणाचा पाठ आणि मराठी हग्गादा

पेसाहीम प्रकरणाच्या दहाव्या अध्यायात मिशना वल्हांडणाच्या रात्रीचा विधी सांगते : चार प्याले, मुलाचे प्रश्न, मिसरमधून सुटकेच्या कथेचे विवरण आणि रब्बान गमलिएल यांनी आवश्यक मानलेला तीन गोष्टींचा उच्चार. तोसेफ्तेच्या समांतर अध्यायात मुलाचे प्रश्नही नाहीत आणि कथेचे विवरणही नाही. तेथे रात्रभर वल्हांडणाच्या नियमांचे अध्ययन करावे असा विधी आहे, आणि लोद येथे रब्बान गमलिएल व अन्य वडीलधाऱ्यांनी कोंबडा आरवेपर्यंत तसे अध्ययन केल्याचा वृत्तान्त आहे. एक ग्रंथ घराला कथा सांगायला लावतो, दुसरा नियमांचा अभ्यास करायला. हग्गादा या घरगुती पाठपुस्तकात पुढे मिशनेचा मार्ग विजयी झाला. तथापि तेथेही बने ब्राक येथील आचार्यांनी रात्रभर सुटकेची कथा सांगितल्याचा प्रसंग आहे. रात्र जागविण्याची कल्पना टिकली, अध्ययनाचा विषय मात्र बदलला.

कोकणातील घरांत सण होते, पण त्यांची नावे मराठी होती : नव्याचा सण, बिरड्याचा सण, होळीचा सण. ग्रंथांशी संबंध जुळण्यास अठराव्या शतकापासून गती आली. इ. स. १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकर ऊर्फ सॅम्युएल इझिकेल यांनी मुंबईत या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर स्थापन केले. एकोणिसाव्या शतकात कोचीनहून शिक्षक आले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रूचे व्याकरण दिले. मुंबईत १८४६ मध्ये व पुण्यात १८७४ मध्ये मराठी भाषांतरासह हग्गादा छापला गेला. पुण्याच्या प्रतीतील चित्रांत सणाची भाकर करणाऱ्या स्त्रिया लुगडी नेसलेल्या आहेत. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. अशा रीतीने मिशनेच्या दहाव्या अध्यायातील विधी मराठी घरात मराठीतून पोचला. मात्र या समाजाच्या हाती पडली ती शेकडो वर्षांच्या निवडीतून तयार झालेली पाठपुस्तके. त्यामागील वाद त्यांच्याबरोबर आले नाहीत.

७. विवाहविधीतील स्तर

ते वाद पुढे विवाहाच्या निमित्ताने समोर आले. मिशनेच्या येवामोत प्रकरणात निपुत्रिक मृत भावाच्या विधवेशी दिराने करावयाच्या विवाहाचे, अथवा तिला त्या बंधनातून मोकळे करणाऱ्या ‘हलीत्सा’ विधीचे नियम आहेत. कोणत्या स्त्रिया या बंधनातून सुटतात, याविषयी हिल्लेल व शम्माय यांच्या घराण्यांत तीव्र मतभेद होता. एका घराण्याच्या मते वैध असलेला विवाह दुसऱ्याच्या मते निषिद्ध होता आणि त्याचे परिणाम संततीपर्यंत पोचत होते. असे असूनही या दोन घराण्यांनी परस्परांत सोयरीक करणे थांबविले नाही, असे मिशना नोंदविते.

तोसेफ्ता या ठिकाणी अधिक विस्तृत आहे. मतभेदाचे विषय ती एकेक करून मोजते, त्यांत घटस्फोटपत्र व वाङ्‌निश्चय यांचेही विषय घेते, आणि सत्य व शांती ही दोन्ही त्यांनी आपसांत पाळली, असे तात्पर्य जोडते. दोन्ही तालमूदांना हे सोपे वाटले नाही. असे होऊ शकलेच कसे, असा प्रश्न ते करतात. बाबिलोनी तालमूदातील एक उत्तर असे की, एक घराणे दुसऱ्याला संशयास्पद स्थळांची आगाऊ कल्पना देत असे. यरुशलेमी तालमूदातील एक उत्तर असे की, ईश्वराने सांभाळले आणि तसा प्रसंगच कधी उद्भवला नाही. एकाच वाक्याचे तीन स्तर येथे दिसतात : मिशनेतील वस्तुस्थिती, तोसेफ्तेतील मूल्य आणि तालमूदातील अडचण.

गित्तीन प्रकरणाचा आरंभही असाच बोलका आहे. समुद्रापलीकडील देशातून घटस्फोटपत्र आणणाऱ्या दूताने, ते आपल्यासमक्ष लिहिले गेले व त्यावर आपल्यासमक्ष सह्या झाल्या, असे सांगावे, हा मिशनेचा नियम. का सांगावे, हे ती सांगत नाही. दूरदेशीचे लोक अशा पत्राच्या बारकाव्यांत जाणकार नसतात, असे कारण यरुशलेमी तालमूदात येते. बाबिलोनी तालमूदात दोन कारणे आहेत : तेथील लोकांना पत्र विशिष्ट स्त्रीच्या नावे लिहिण्याचा नियम ठाऊक नसतो, किंवा सह्यांची खातरजमा करण्यास साक्षीदार सहज मिळत नाहीत. पहिले कारण समाजाच्या अज्ञानाविषयी आहे, दुसरे केवळ अंतराच्या अडचणीविषयी. नियम एकच असला तरी कोणते कारण पत्करावे, यावर दूरच्या समाजाकडे पाहण्याची दृष्टी अवलंबून राहते.

८. इ. स. १९६१ ते १९६४ : ग्रंथांपुढे उभा समाज

इस्रायल राज्याच्या स्थापनेनंतर बेने इस्राएलांची मोठी संख्या तेथे गेली. तेथे यहुद्यांचे विवाह रब्बिनी अधिकाऱ्यांच्या अखत्यारीत होते. काही रब्बींनी या समाजातील व्यक्तींचे अन्य यहुद्यांशी विवाह लावण्यास नकार दिला. घटस्फोटपत्र व हलीत्सा यांचे विधी या समाजाला शतकानुशतके ठाऊक नव्हते. म्हणून पूर्वीच्या एखाद्या अवैध घटस्फोटानंतर झालेल्या विवाहाची संतती त्यात असू शकेल, अशी त्यांची शंका होती. हीच शंका गित्तीन प्रकरणातील पहिल्या कारणाची वंशज म्हणता येईल.

प्रमुख रब्बी यित्सहाक निस्सीम यांच्या काळात मुख्य रब्बी मंडळाने १९६१ मध्ये या समाजाशी विवाह तत्त्वतः मान्य केले. परंतु १९६२ च्या आरंभी निघालेल्या सूचनांनी विवाहनोंदणी करणाऱ्यांना या समाजातील वधूवरांच्या मातृकुळाची मागील पिढ्यांपर्यंत चौकशी करण्यास सांगितले. एका विशिष्ट समाजाचे नाव घालून दिलेला हा आदेश बेने इस्राएलांना अपमानास्पद वाटला. १९६४ च्या उन्हाळ्यात त्यांनी यरुशलेममध्ये धरणे धरले. ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेत या संसदेत प्रश्न चर्चेस आला आणि हा समाज सर्व बाबतींत यहुदीच असल्याची भूमिका शासनाने घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस रब्बी मंडळाने आदेशातील समाजाचे नाव काढून टाकले. शंका असेल तेथे चौकशी करण्याची तरतूद सर्वांसाठी सामान्य स्वरूपात राहिली.

या वादात समाजाच्या बाजूने रूढीचा आधार घेतला गेला. महाराष्ट्रातील परिस्थितीत घटस्फोट क्वचितच होत आणि विधवाविवाहाची चाल नव्हती. मग अवैध पुनर्विवाहाची शंका कशावर उभी राहते, असा तो युक्तिवाद होता. शेजारच्या मराठी समाजाकडून आलेली विधवाविवाहबंदीची रूढी स्त्रियांवर निश्चितच अन्याय करणारी होती. तीच रूढी येथे समाजाच्या वंशशुद्धीचा पुरावा म्हणून पुढे आली, हा इतिहासातील एक विलक्षण विरोधाभास होय.

ग्रंथांच्या दृष्टीने पाहता, दोन्ही बाजूंना पुरतील एवढी वचने परंपरेत होती. विवाह व घटस्फोट यांचे नियम न जाणणाऱ्याने त्यात पडू नये, हे बाबिलोनी तालमूदातील वचन एका बाजूस होते. दुसऱ्या बाजूस येवामोतमधील सोयरिकीची नोंद आणि तोसेफ्तेतील सत्य-शांतीचे तात्पर्य होते. शिवाय, जे कुटुंब समाजात मिसळून गेले ते गेले, त्याचा पुन्हा शोध घेऊ नये, हा बाबिलोनी तालमूदाच्या किद्दुशीन प्रकरणातील विचारही होता. कोणत्या स्तराला अग्रक्रम द्यावा, हा ग्रंथशास्त्रातील प्रश्न येथे एखाद्या मुलीचे लग्न लागणार की अडणार, या प्रश्नाशी येऊन भिडला.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष हाती येतात :

१) मिशना व तोसेफ्ता यांचा संबंध मूळ व पुरवणी असा एकेरी नाही. मुखोद्गत वचनांच्या एकाच साठ्यातून दोन्ही घडल्या. कोठे तोसेफ्ता मिशनेवर भाष्य करते, तर कोठे तिच्यात मिशनेहून जुने रूप टिकून आहे. प्रत्येक प्रकरणाचा, किंबहुना प्रत्येक वचनाचा निर्णय स्वतंत्रपणे करावा लागतो.

२) मिशनेचा संक्षेप, मिद्राशातील वचनाधार, तोसेफ्तेतील मतभेद व तालमूदातील चिकित्सा हे एकाच नियमाचे स्तर आहेत. उत्तरकालीन स्तरातील कारण पूर्वकालीन नियमाचे मूळ कारण मानल्यास अर्थ संकुचित होण्याचा धोका असतो.

३) नाकारलेली मते जपण्याची रीत ही या परंपरेची मोठी शक्ती आहे. दख्खनच्या गोतसभेच्या कागदांतही तिचे एक लहान प्रतिरूप दिसते.

४) बेने इस्राएल समाजाने ग्रंथांवाचून धर्म जगविला. ग्रंथ उशिरा मिळाले, हा त्याचा दोष मानण्याऐवजी ग्रंथांच्याही आधी आचार असतो, याचा तो पुरावा मानणे इतिहासदृष्ट्या अधिक योग्य होय. सिफ्रेने लोकांच्या रीतीलाच प्रमाण मानले होते, याचे येथे स्मरण ठेवणे इष्ट आहे.

बेने इस्राएलांच्या धर्मजीवनात एलियाहू हन्नबी यांचे स्थान अनन्यसाधारण आहे. शुभकार्यात त्यांच्या नावे पोहे, खोबरे, गूळ व फळे यांचा मलिदा केला जातो, आणि त्यांच्या रथाची खूण म्हणून अलिबागजवळील खंडाळे येथील खडक दाखविला जातो. एदुयोत प्रकरणाच्या शेवटच्या अध्यायात हेच एलियाहू भेटतात. कुळांची शुद्धाशुद्धता ठरविण्यास ते येणार नाहीत, बळजबरीने दूर सारलेल्यांना जवळ आणण्यास व बळजबरीने घुसलेल्यांना दूर करण्यास येतील, असे एक मत तेथे आहे. अन्य आचार्यांच्या मते ते यासाठीही येणार नाहीत. केवळ जगात शांती नांदविण्यासाठी येतील. मिशनेने ही मते शेजारी शेजारी ठेवली आहेत. कोकणात शतकानुशतके मलिदा करणाऱ्या समाजाला हे प्रकरण ठाऊक नव्हते. पण त्यातील शेवटचे मत त्याच्या श्रद्धेपासून फार दूर नव्हते.